पोर लहान आहे अजून

आशाताई दारात येऊन एचपीव्हीच्या, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणाऱ्या विषाणूवरच्या, लशीचं विचारायला लागल्या, तर एकच उत्तर तयार ठेवा : "पोर लहान आहे अजून." दोन वर्षांनी हीच पोर उजवायची, म्हणजे ऊसतोडीच्या मुकादमाकडून नवरा-बायकोच्या जोडीची उचल मिळते, असं ठरलं की ती आपोआप मोठी होते. तेव्हाचं तेव्हा बघू.

ही लस ९ ते १४ या वयात द्यावी म्हणतात, कारण शरीरसंबंधातून लागणाऱ्या या विषाणूशी गाठ पडायच्या आधी ती अंगात मुरायला हवी. एवढं ऐकलं की आवाज चढवा : "आमच्या पोरीवर संशय घेता का?" एकाच नवऱ्याशी इमानानं संसार केलेल्या बाईलाही हा विषाणू नवऱ्याकडूनच लागू शकतो, ही गोष्ट मात्र पारावर काढू नका. पारावर नवरेच बसलेले असतात.

मग खर्चाचं बोला. पुण्याच्या सीरमची लस खासगीत दोन हजारांच्या आसपास पडते. कुठून आणायचे? २०२२ साली लम्पी आला तेव्हा बैलाला लस मिळावी म्हणून आपण रात्री-बेरात्री फोन लावले, ते बरोबरच होतं. बैलजोडी लाखाच्या पुढं जाते.

समोरचा शिकलेला निघाला आणि एचपीव्हीच्या १६ व १८ या दोन प्रकारांमुळेच गर्भाशयमुखाचे सुमारे ७० टक्के कॅन्सर होतात असं सांगू लागला, तर "परदेशातलं आम्हाला सांगू नका" म्हणून उडवून लावा. फक्त तो धाराशिवचा नाही ना, तेवढं बघा. त्याच जिल्ह्यातल्या गावांमधल्या सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास १९९९ पासून झाला. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलची माणसं त्यासाठी गावोगाव फिरली. एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये जगभरच्या डॉक्टरांनी वाचलं. आपण तर तिथलेच, आपल्याला वाचायची काय गरज?

शिवाय आपल्याकडं रामबाण उपाय आहेच. अंगावरून पांढरं जायला लागलं, कुणी "कॅन्सर होईल" म्हणालं, की गर्भपिशवी काढायची. बीडच्या ऊसतोड बायकांच्या इतक्या पिशव्या निघाल्या की २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्याला व्याजानं पैसे काढले तरी चालतात. दंडात सुई म्हटलं की मात्र "साइड इफेक्ट असतात म्हणे." असतात की. दंड दुखतो, एखादीला कणकण येते, कुणाला चक्कर येते म्हणून थोडा वेळ बसवून ठेवतात. "पुढं मूल होत नाही" हा मेसेजही बिनधास्त पुढं ढकला. लशीनं मूल होत नाही याला पुरावा नाही. पिशवी काढल्यावर होत नाही, याला आहे.

शेवटी डॉक्टरीणबाई म्हणतील, लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी करावीच लागते. इथं त्या सापडल्या! "मग लस कशाला?" म्हणायचं आणि गाडीला किक मारायची, पोरीच्या आईला तपासणीला कधी आणताय, हे त्यांनी विचारायच्या आत.