आठ जण आधीच आत, बाकी जगासाठी दोन जागा

आमच्या मंडळाच्या खोलीत डेकोरेशनच्या सामानाखाली एक पत्र्याची पेटी आहे. परवा गणपतीच्या तयारीसाठी सामान काढताना ती उघडली. आत बारा मरून जर्सी, एकदाही अंगाला न लागलेल्या. वर्गणी काढून शिवून घेतल्या होत्या, लालबागमधल्या एका कबड्डी स्पर्धेसाठी. मी प्रवेशपत्रिका भरायला गेलो तर टेबलावरच्या माणसाने सांगितलं, "यंदा आठच संघ. गेल्या वर्षी उपांत्यपूर्व फेरीला होते तेच. खर्च परवडत नाही." आम्ही आदल्या वर्षी पहिल्या फेरीत चार गुणांनी हरलो होतो. वर्षभर दर सकाळी साडेपाचला उठून मैदानात उतरलो ते त्या चार गुणांसाठी. पुढच्या वर्षी आमचा संघ उभाच राहिला नाही. दोन चांगले चढाईपटू मोठ्या मंडळांत गेले, बाकीच्यांनी नोकऱ्या धरल्या.

ही पेटी आज आठवायचं कारण म्हणजे रग्बी लीगचा वर्ल्ड कप.

माझा मामेभाऊ इंग्लंडमध्ये लीड्सला असतो. त्याच्यामुळे गेली काही वर्षं मी हा खेळ बघतोय, आणि परळ-लालबागमध्ये वाढलेल्या माणसाला तो परका वाटतच नाही. तेरा खेळाडू. चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडलं की तो उठतो, चेंडू पायाने मागे सरकवतो आणि चढाई पुढे चालू राहते. अशा सहा पकडी झाल्या की चेंडू समोरच्याकडे. पहिला सामना बघतानाच मी म्हटलं, ही तर आपली कबड्डी, फक्त मैदान शंभर मीटरचं.

त्याचा जन्म तर थेट गिरणगावातलाच वाटतो. उत्तर इंग्लंडमधल्या लँकेशायर आणि यॉर्कशायरच्या गिरण्यांतले, खाणींतले कामगार रग्बी खेळायचे. सामन्यासाठी खाडा झाला की मजुरी जायची. बुडालेली मजुरी भरून द्या, एवढीच क्लबांची मागणी होती. रग्बीच्या कारभाऱ्यांनी ती मानली नाही. शेवटी २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात २२ क्लब वेगळे झाले, आणि त्यातून पुढे रग्बी लीग उभी राहिली. माझे बाबा स्पिनिंग खात्यात बदली कामगार होते आणि गिरणीच्या मैदानात कबड्डी खेळायचे. सामन्याच्या दिवशी बदली गेली की आई काही बोलायची नाही, पण महिन्याच्या शेवटी वाण्याच्या वहीत तो दिवस दिसायचा. म्हणून ती १८९५ ची गोष्ट मला घरातली वाटते, आणि म्हणूनच आज त्या खेळात जे चाललंय त्याचा मला राग येतो.

२०२१ चा वर्ल्ड कप कोविडमुळे २०२२ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. पुरुषांचे १६ संघ होते. जमैका आणि ग्रीस पहिल्यांदाच आले होते. पुढचा २०२५ मध्ये फ्रान्समध्ये व्हायचा होता, पण पैशांचं जुळेना म्हणून २०२३ मध्ये फ्रान्सने यजमानपद सोडलं. मग स्पर्धा २०२६ वर आणि ऑस्ट्रेलियाकडे गेली, काही सामने पापुआ न्यू गिनीत. आणि संघ किती? दहा. त्यातले आठ गेल्या वेळी उपांत्यपूर्व फेरी गाठलेले, म्हणून थेट आत: ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, इंग्लंड, सामोआ, टोंगा, फिजी, पापुआ न्यू गिनी, लेबनॉन. उरलेल्या सगळ्या जगासाठी दोन जागा. शेवटच्या टप्प्यात त्यांच्यासाठी फ्रान्स, जमैका, दक्षिण आफ्रिका आणि कुक आयलंड्स झगडले. फ्रान्स आणि कुक आयलंड्स पोचले. वेल्स, स्कॉटलंड, आयर्लंड, इटली, ग्रीस, जमैका, गेल्या वेळचे हे सहाही संघ बाहेर.

"आठच संघ, गेल्या वर्षीचे." शब्दसुद्धा तेच.

हे पहिल्यांदा होतंय असंही नाही. १९५४ मध्ये फ्रान्समध्ये पहिला वर्ल्ड कप झाला तेव्हा चारच संघ होते. २००० मध्ये १६ केले, त्यात ऑस्ट्रेलियाने रशियाला ११०-४ असं धुतलं, आणि २००८ मध्ये संघ दहावर आणले. मग १४, मग १६, आता परत दहा. दार उघडायचं, कुणी आत येऊन धडपडला की लावून घ्यायचं.

एकतर्फी सामने कुणी बघत नाही, असं सांगितलं जातं. २०२२ मध्ये इंग्लंडने ग्रीसला ९४-४ हरवलं, हे खरं. पण हा ग्रीसचा संघ आला कुठून ते बघा. तिथे या खेळाला सरकारी मान्यता नव्हती, म्हणून पोरांनी रात्री उशिरा, पोलिसांची नजर चुकवून सामने खेळले आणि तरीही पात्रता मिळवली. आणि मोठा पराभव म्हणजे लायकी नाही असं म्हणणाऱ्यांनी सामोआकडे बघावं. त्याच स्पर्धेच्या पहिल्या सामन्यात इंग्लंडने त्यांना ६०-६ चिरडलं. चार आठवड्यांनी उपांत्य फेरीत पुन्हा तोच इंग्लंड समोर, जादा वेळेत त्यांच्या स्टीफन क्रायटनने चेंडू गोलच्या आडव्या दांडीवरून मारला आणि सामोआ २७-२६ ने अंतिम फेरीत. ६०-६ बघून त्यांना घरी पाठवलं असतं तर?

जमैकाची गोष्ट मला जास्तच लागते. नोव्हेंबर २०१८ मध्ये जॅक्सनविलला त्यांनी अमेरिकेला १६-१० हरवलं आणि वर्ल्ड कपचं तिकीट काढलं. त्यांच्यासाठी खरी फायनल तीच होती. लहान देशासाठी पात्रता फेरी हाच मोठा सण असतो. पुढे वर्ल्ड कपमध्ये, इंग्लंडमधल्या हल शहरात न्यूझीलंडने त्यांना ६८-६ हरवलं, पण त्या सामन्यात बेन जोन्स-बिशपने कोपऱ्यात ट्राय केली, म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला, वर्ल्ड कपमधली जमैकाची पहिली. भावाने ती क्लिप पाठवली होती, मी ती कितीदा पाहिली असेल. एवढ्या गुणांनी मागे असलेला संघ असा उड्या मारतो तेव्हा त्याच्या देशात कुणीतरी पोरगं चेंडू हातात घेत असतं.

आणखी एक आक्षेप असतो. हे संघ त्या देशांचे नाहीतच, सगळी सिडनी नाहीतर लीड्सची पोरं, आजी-आजोबांच्या नात्यावर खेळणारी. इथे माझं मत एकदम स्पष्ट आहे, खेळू द्या. शिमग्याला गावच्या स्पर्धेत मुंबईची पोरं कुणाच्या नावाने उतरतात? गावाच्याच. त्यांचा जन्म केईएममधला म्हणून कुणी त्यांना संघाबाहेर काढतं का? २०२४ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमध्ये आपल्या मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरने अमेरिकेकडून विराट आणि रोहितची विकेट काढली, तेव्हा वाईटही वाटलं आणि छाती फुगलीसुद्धा. रग्बी लीगमध्येही २०१७ च्या वर्ल्ड कपला जेसन तौमालोलो हा खेळाडू न्यूझीलंड सोडून टोंगाकडून खेळला आणि टोंगाने न्यूझीलंडला २८-२२ हरवलं. त्या एका निर्णयाने टोंगाचा संघ तगडा झाला. मात्र त्या देशात स्वतःचे क्लब, स्वतःचं मैदान हवंच, नाहीतर पाहुणे खेळून जातात आणि मागे काही उरत नाही. पण मैदान उभं राहायला आधी वर्ल्ड कपची आशा लागते, आणि दोन जागांत आशा ठेवायची तरी कुणी?

बाकीचे खेळ उलट्या दिशेने चाललेत. रग्बी युनियन, म्हणजे १८९५ ला लीगवाले ज्यातून फुटले तो जुना खेळ, २०२७ मध्ये २४ संघ घेतंय. क्रिकेटनेही २०१९ आणि २०२३ ला दहा संघांची चूक केली होती, २०२७ ला परत १४ करतायत. ज्यांनी कामगारांना बाहेर ठेवलं त्या युनियनचं दार आज मोठं, आणि कामगारांनी काढलेल्या लीगचं अरुंद, हे मला सहन होत नाही.

माझं म्हणणं एवढंच. १६ संघ ठेवा. यजमान आणि गेल्या वेळचे उपांत्य फेरीतले थेट घ्या, फार तर. बाकी सगळ्यांना मैदानातून येऊ द्या, अगदी लेबनॉनला आणि फिजीलासुद्धा. चार वर्षांपूर्वीच्या एका विजयावर आज जागा मिळणं बरोबर नाही. पैसे कमी असतील तर सामने लहान मैदानांवर घ्या, झगमगाट कमी करा. संघ कापू नका.

भावाला सांगून ठेवलंय, यापुढे वेल्स किंवा आयर्लंडचा पात्रता सामना जवळपास कुठे झाला तर तिकीट काढून जा आणि मला तिथून व्हिडिओ कॉल कर. त्या पेटीतल्या जर्सींपैकी एक मी त्याला गणपतीनंतर पाठवतोय, ती घालून बसेन म्हणालाय.