जवस खवट होईस्तोवर थांबा

पृथ्वीची काळजी वाटू लागली की आधी खरेदीला निघावे. घरातल्या डब्यांत काय आहे ते पाहू नये. पाहिले तर खरेदीची गरजच उरत नाही. सुरुवात किनोआपासून करा. तो अँडीज पर्वतातला, पेरू-बोलिव्हियाकडचा, म्हणजे नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या जरा पुढचा. संयुक्त राष्ट्रांनी 2013 हे वर्ष किनोआच्या नावे केले होते. 2023 हे भरडधान्यांच्या नावे झाले, तेही भारताच्या पुढाकाराने. पण ज्वारी नागपुरात कळमन्याच्या धान्यबाजारात पोत्याने मिळते. पोत्यात मिळणाऱ्या वस्तूने कोणाची तब्येत सुधारली आहे?

तरी ज्वारीचाच हट्ट असेल, तर दोन माणसांच्या घरात दहा किलो एकदम दळून आणा आणि मे महिनाभर गॅसशेजारी ठेवा. पीठ शिळे झाले की विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. ज्वारीत गव्हासारखे ग्लूटेन नसते, पिठाला धरून ठेवायला उकळते पाणी लागते. तुम्ही नळाचे घ्या. भाकर थापताना कडा फाटतील, उचलताना दोन तुकडे होतील. मग ‘आम्हाला ज्वारी जमत नाही’ असे जाहीर करून मल्टिग्रेन बिस्किटांचा पुडा आणा. पुडा उलटून मात्र पाहू नका. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, आणि पहिलाच मैदा निघाला तर दिवस खराब जातो.

जवसाचे दोन मार्ग आहेत. पहिला, अख्खा गिळणे: साल इतके चिवट की दाणा जसा गेला तसाच बाहेर येतो, कोणाचेच नुकसान नाही. दुसरा, अर्धा किलो एकदम दळून पारदर्शक बरणीत, खिडकीच्या उन्हात. जवसातले ओमेगा-3 हवेने आणि उष्णतेने लवकर बिघडते, त्यामुळे फार वाट पाहावी लागत नाही. मंद आचेवर तडतडेस्तोवर भाजायचा, लसूण, तिखट, मीठ घालून वाटीभरच कुटायचा आणि आठवड्यात संपवायचा, ही विदर्भातल्या आज्यांची रीत. तिला आकर्षक वेष्टन नाही, सोडून द्या.

संत्री जूनमध्ये मागा. आंबिया बहाराची साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर येतात, मृगाची फेब्रुवारीपासून पुढे. स्वस्त असतात तेव्हा त्यांच्याकडे बघवत नाही. मिळालीच तर रस काढून गाळा, चोथा बादलीत टाका आणि दुपारी पोट साफ होण्यासाठी फायबरची पावडर घ्या. आषाढात रस्त्याकडेला उगवणारा कोवळा तरोटा बाजारात जुडीने मिळतो, तो गरिबांसाठी राहू द्या.

रविवारचे सावजी मटण सोडायचे नाही. रवंथ करणारा बोकड मिथेन ढेकरतो, कोंबडीला ते जमत नाही, हे खरे. पण सोमवारी ऑफिसात प्लॅस्टिकची स्ट्रॉ नाकारली की हिशेब मिटला.

सांबार (पुण्याचे पाहुणे कोथिंबीर म्हणतात) भाजीवाल्याने फुकट दिला की ओलाच पॉलिथिनमध्ये कोंबा. मुळे कापून, पाणी निथळून, सुती फडक्यात गुंडाळला तर आठवडाभर टिकतो आणि मग खावा लागतो. पॉलिथिनमध्ये तिसऱ्या-चौथ्या दिवशी काळा चिखल होतो, सुटका.

आता खताचे. एक भाग ओला कचरा, दोन भाग वाळका पाला, भोके पाडलेली बादली, तीन-चार दिवसांनी एकदा वरखाली. पाला कमी पडला की सडका वास येतो. उन्हाळ्यात पाणी शिंपडले नाही की सगळे वाळून काम थांबते. दोन-तीन महिन्यांची ही कटकट. पाला कुठून आणणार? मार्चमध्ये अंगणात कडुनिंबाचा ढीग पडतो, पण तो कोपऱ्यावर पेटवायचा असतो.

त्यापेक्षा भांडेवाडी, म्हणजे नागपूरचा कचरा डेपो, बरी. ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही, म्हणून अन्न तिथे कुजताना मिथेन होतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे 28 पट तापवणारा. उन्हाळ्यात ढीग पेटतो तेव्हा धूर लांबून दिसतो.

सकाळी कचरागाडीचे गाणे ऐकू आले की भाकरीचे तुकडे, खवट जवस, काळा सांबार आणि तळाला मुदत संपलेला किनोआ एकाच पिशवीत भरून घट्ट गाठ मारा. वास बाहेर यायला नको. तो भांडेवाडीकडे राहणाऱ्यांसाठी राखीव आहे.