पोराचे पाय कुठं गेले?

फोटोग्राफीच्या पुस्तकांत आणि यूट्यूबवरच्या शिकवण्यांत एक माणूस कायम गृहीत धरलेला असतो. तो पहाटे स्वतःहून उठतो, थर्मासातली कॉफी पितो, तळ्याकाठी ट्रायपॉड रोवतो आणि प्रकाशाची वाट बघत बसतो. त्याला वाट बघायला वेळ असतो, कारण त्याच्या घरी तीन वर्षांचं पोरगं नसतं.

एके काळी मीही तो माणूस होतो. आमच्या सोलापुरातल्या कंबर तलावावर हिवाळ्यात येणारे पक्षी, सिद्धेश्वराच्या देवळाचं पाण्यातलं प्रतिबिंब, नान्नजच्या माळावरची काळविटं, सगळं रीतसर काढून झालं होतं. नान्नजचं अभयारण्य १९७९ साली खास माळढोक पक्ष्यासाठी जाहीर झालं. तो माळढोक आता दिसेनासाच झालाय. तरीही एका जागी स्वस्थ बसलेला माळढोक आधी दिसेल की एका जागी स्वस्थ बसलेले आमचे चिरंजीव, यावर मी पैज लावणार नाही.

सगळं बिनसतं ते उजेडापासून. पुस्तकं सांगतात, सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्ताआधीचा तास सोन्याचा. ही पुस्तकं लिहिणारे बहुतेक थंड देशांतले. तिकडे सूर्य क्षितिजाला धरून तिरका तिरका रेंगाळत चढतो. सोलापूर पडलं साडेसतरा अंशांच्या आसपास. आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ वर येतो आणि कामाला लागतो. त्यामुळे सोनं फार वेळ टिकत नाही, आणि जेवढा वेळ टिकतं तेवढा वेळ चिरंजीव झोपलेले असतात. झोपलेल्या पोराला उजेड चांगला आहे म्हणून उठवणाऱ्या बापाचं काय करायचं, याबद्दल आमच्या घरातल्या बायकांचं कधी नव्हे ते एकमत आहे. राहिली संध्याकाळ. दुपारची झोप मोडल्यावर पुढचा तासभर चिरंजीव जगावर रागावलेले असतात, आणि तो तास नेमका सोन्याचा. त्यातून नळाला पाणी यायचा दिवस असला, तर सोनेरी किरण हौदात पाइप धरून बघायचे.

त्यांची कळी खुलते दुपारी साडेबाराला. वरण-भात पोटात गेलेला, अंगात फक्त चड्डी, आणि अंगणात जायचंच असा हट्ट. सोलापुरात मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य भरदुपारी बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्याच बुडाखाली गडप होते. ऑगस्टच्या सुरुवातीला परत एकदा हाच प्रकार, पण तेव्हा ढग लाज राखतात. मे महिन्यात लाज राखायला कोणी नसतं. माणसाची सावली पायाखाली जाते, पण भुवयांची सावली डोळ्यांवर पडते आणि नाकाची ओठांवर. पोरगं समोर खदखदून हसत असतं आणि फोटोत डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे येतात, खाली मिशी.

मग घरात काढावेत फोटो, तर आमचं घर जुनं आणि खोल्या बोळासारख्या. माझ्याकडे आहे ५० मिमीची लेन्स. अंधाऱ्या जागी चालते, एफ १.८ पर्यंत, म्हणजे भरपूर उजेड आत येईल इतकी, उघडते, आणि हौशी माणसाला परवडणाऱ्या ज्या थोड्या चांगल्या गोष्टी आहेत त्यांतली एक. पण माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यामुळे तिच्यातून सगळं जवळच दिसतं. पूर्ण पोरगं चौकटीत बसवायचं तर मागं सरकावं लागतं. सरकता सरकता पाठीत कपाटाची मूठ रुतते, तरी चिरंजीवांचे पाय बाहेरच. एक मीटरवरून एफ १.८ ला जेमतेम ३ सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. डोळ्यावर फोकस धरावा आणि बटण दाबेपर्यंत पोरानं मान पुढं काढावी, की कान लख्ख आणि चेहरा धुक्यात. पळतं पोरगं गोठवायला शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतकं जलद लागतं. ट्यूबलाइटच्या उजेडात एवढं जलद जायचं तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, ६४०० च्या पुढं न्यावा लागतो, आणि मग सगळ्या फोटोवर शेंगाचटणी भुरभुरल्यासारखे दाणे येतात.

हे सगळं सांभाळता येतं. सांभाळता येत नाही ती कमिटी.

हौशी फोटोग्राफरला वाटतं, फोटो त्याचा असतो. पोर झाल्यावर कळतं, फोटो घराचा असतो आणि आपण फक्त बटण दाबायला नेमलेले. कमिटीच्या अध्यक्ष आमच्या आई. फोटोबद्दल त्यांची मतं स्वच्छ आहेत. माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसला पाहिजे, समोर बघत असला पाहिजे आणि उजेड सगळीकडे सारखा पडला पाहिजे. खिडकीतून तिरप्या आलेल्या उजेडात चिरंजीवांचा अर्धा चेहरा उजळलेला आणि अर्धा अंधारात, असा एक फोटो मला साधला होता. मी तो मोठा करून आणला. आईनं चष्मा पुसला, फोटो उजेडात धरला.

"अर्धा काळा का केलास रे त्याला?"

"आई, तो प्रकाशाचा खेळ आहे."

"आणि पोराचे पाय कुठं गेले?"

ज्या फोटोत पाय नाहीत तो आईच्या लेखी अपघात. शिवाय कॅमेरा बाहेर निघाला की आई काजळाची डबी घेऊन येते. इतके फोटो काढल्यावर दृष्ट लागणारच, तेव्हा कपाळाला एक तीट आणि गालाला एक. माझ्या कॅमेऱ्यात डोळा शोधून त्यावर फोकस धरायची सोय आहे. ती सोय ज्यांनी केली त्यांच्या आया बहुतेक काजळ लावत नसाव्यात. आमचा कॅमेरा चौकोन घेऊन डोळा, तीट, दुसरा डोळा अशा येरझारा घालतो आणि शेवटी गालावरच्या तिटीवर समाधानानं स्थिरावतो.

बायकोचा विभाग म्हणजे पार्श्वभूमी. तिला आधी पोरगं दिसतच नाही, पोराच्या मागचं घर दिसतं.

"अहो, मागं दोरीवरचे कपडे आलेत."

"ते मुद्दाम धूसर केलेत. त्यालाच तर लोक पैसे मोजतात."

"धूसर केलेत तरी कळतंय की, तुमचं बनियन आहे. आणि भोकही कळतंय."

यंदाच्या गड्ड्याच्या यात्रेत म्हटलं, कमिटी घरी ठेवू आणि बापलेक जाऊ. संक्रांतीच्या सुमारास सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतल्या माणसांनी रस्ते भरून जातात. चिरंजीवांनाही बोटभर बाराबंदी शिवलेली. एकाच चौकटीत उंच नंदीध्वज आणि खाली हे एवढंसं बेणं, असा फोटो डोळ्यांसमोर तयार होता. गर्दीत पाच मिनिटं चालल्यावर बेणं खांद्यावर आलं. गळ्यात कॅमेरा, आणि चिरंजीवांची टाच नेमकी लेन्सवर. कॅमेरा वर उचलावा तर पोराचा पाय सोडावा लागतो, आणि पाय सोडावा तर दोन्ही कान पोराच्या मुठीत असल्यामुळे तोल कानांवर येतो. सातही नंदीध्वज चिरंजीवांनी अगदी नीट पाहिले. मी पाहिली समोरच्या माणसाची पाठ. तेवढ्यात कॉलेजातला एक मित्र भेटला, त्यानं कॅमेऱ्याकडं आणि वर पोराकडं बघितलं आणि म्हणाला, "काय बे, स्टँड लै भारी घेतलायस की!"

पण खरी परीक्षा घरी, बोरन्हाणाला. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करतात. लहान मुलाला काळे कपडे घालायचे, हलव्याचे दागिने चढवायचे आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, शेंगा, हरभऱ्याचे घाटे असं सगळं ओतायचं. आता त्यात चॉकलेटंही असतात, कारण जमलेली पोरं बोरांसाठी आलेली नसतात. पोराला ऋतू बाधू नये म्हणून करतात म्हणे. फोटोग्राफरला काय बाधतं याचा विचार कोणी केलेला नाही.

कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला सगळं जग सरासरीनं करडं वाटतं. काळा कपडा दिसला की त्याला वाटतं उजेड कमी आहे, मग ते उजेड वाढवतं. काळ्याचा राखाडी होतो आणि वरचा पांढराशुभ्र हलवा पार जळून जातो, एकेक दाणा निवडून गुंफलेला हार फोटोत चुन्याचा पट्टा दिसतो. हलव्यासाठी उजेड कमी करावा तर चिरंजीव अंधारात लुप्त. मेहुणीच्या मोबाइलला यातलं काही करावं लागत नाही. तो गुपचूप कमीजास्त उजेडाचे चार फोटो काढतो आणि आतल्या आत जोडून टाकतो. मी अजून मीटरशी वाद घालत होतो तोवर तिचे फोटो पुण्यातल्या आत्याला पोचले होते आणि तिकडून हृदयाच्या आकाराचे तीन जबाब आले होते.

चिरंजीवांना पाटावर बसवलं. पाटावर आणि मागच्या भिंतीवर मामांनी दिलेल्या नव्याकोऱ्या चादरी. मामा म्हणजे बायकोचे मामा, चादरींच्या धंद्यात मुरलेले. मी जरा बिचकत सुचवलं, मागं साधं एकरंगी कापड लावू या का? घरात एकरंगी कापड शोधलं तर आईचं एक जुनं पातळ निघालं, तेही फाटलेलं. सोलापुरातल्या घरात चादरी निघतात, आणि चादरीवर मोर, फुलं, चौकडे. मामा दारात उभे होते, तेव्हा विषय तिथंच संपला.

हलव्याचा मुकुट चढवला, बाजूबंद बांधले, हातात हलव्याची बासरी दिली. चिरंजीवांनी बासरीकडं नीट पाहिलं आणि एक टोक खाल्लं. मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्या अंगावरचं सगळंच खाण्यासारखं आहे. मी फोकस लावेपर्यंत बाजूबंद गेले, हाराचा डावा भाग गेला आणि मुकुट काढून मांडीवर आला. "अगं, आधी फोटो तरी होऊ दे, मग खाऊ दे," आई म्हणाली, आणि सगळ्या बायकांनी एकदम चिरंजीवांचं लक्ष कॅमेऱ्याकडं वळवायला सुरुवात केली.

आमच्या गल्लीत हे काम तीन भाषांत चालतं. माझी आई टाळ्या वाजवत "इकडं बघ, राजा, इकडं!" शेजारच्या पद्मशाली अक्का दुसऱ्या कोपऱ्यातून तेलुगूत "इटु चूडु, इटु चूडु!" आणि अक्कलकोटकडच्या आमच्या आजेसासूबाई, ज्यांना उठवत नाही पण आवाज खणखणीत आहे, त्या खुर्चीतून कानडीत "इल्लि नोडु!" पोराला तिन्ही भाषा समजतात, हा आमच्या गावाचा मोठेपणा. त्यामुळे त्यानं इमानदारीनं आईकडं पाहिलं, अक्कांकडं पाहिलं, आजींकडं पाहिलं. कॅमेरा चौथ्या दिशेला होता.

तेवढ्यात बायकोनं सूप उचललं. हा तो क्षण. बोरं हवेत, चुरमुरे हवेत, पोरगं वर बघतंय, डोळे मोठे. मी बटण दाबून धरलं, कॅमेरा खाडखाड चालू. आणि त्याच क्षणी माझ्या समोर सात-आठ हात मोबाइल घेऊन वर आले, त्यांच्या खालून गल्लीतली सगळी पोरं चॉकलेटांवर तुटून पडली आणि त्या ढिगाऱ्यात चिरंजीव दिसेनासे झाले. कोणाचा तरी गुडघा उसाच्या करव्यावरून घसरला. रडण्याचा आवाज आला, तो कुणाचा हे शोधायला मी कॅमेरा खाली घेतला. आमचेच होते. हातात चॉकलेट नव्हतं, नुसतं बोर होतं.

रात्री सगळे झोपल्यावर फोटो संगणकावर उतरवले. एकेक कच्ची फाइल पंचवीसेक एमबीची, आणि अशा शेकड्यांनी. हात, मोबाइल, हात, अक्कांचा अंबाडा, सूप, एक अधांतरी शेंग, पुन्हा हात. ऑटोफोकसला जिथं गडद-फिक्याचा ठळक विरोध दिसतो तिथं तो पटकन चिकटतो. त्या सगळ्या गोंधळात असा विरोध ठासून भरलेली आणि न हलणारी वस्तू एकच होती, भिंतीवरची चादर. मी एकामागून एक फोटो उघडत गेलो आणि प्रत्येकात चादरीचा धागा न् धागा, मोराचं पीस न् पीस, कडेचा दोरा न् दोरा लखलखीत. असली चादर सोलापुरात आजवर कोणी टिपली नसेल.

दुसऱ्या दिवशी कमिटी बसली. आईनं सगळे फोटो बघून पाय मोजले. "चादर बाकी छान आलीय," बायको म्हणाली, आणि मेहुणीनं पाठवलेला फोटो तिनं मोबाइलच्या पडद्यावर लावून टाकला. मामा मात्र संगणकासमोरून उठेनात. एका फोटोवर थांबले, खुर्ची पुढं ओढली, बोटानं पडद्यावरचे काठ तपासले. मला भरून आलं. इतक्या वर्षांत माझ्या फोटोकडं इतका वेळ कोणी पाहिलं नव्हतं.

"जावईबापू, हा मोठ्ठा करून द्या. दुकानात काउंटरच्या मागं लावतो. पैसे काय ते सांगा."

"पैसे कसले मामा! घरचाच फोटो."

"तसं नको, तुमचीही मेहनत आहे." मामा पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडं झुकले. तिथं काळ्या बाहीतलं, हलव्याचा एक दाणा चिकटलेलं, चिरंजीवांचं कोपर आलं होतं.

"फक्त हे एवढं पोरगं काढता येईल का?"