‘स्वस्तातली मास्टर्स म्हणजे रद्दी’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

हा मेसेज माझ्याकडे चार ठिकाणांहून आला: ऑफिसचा ग्रुप, शाळेची बॅच, भजनी मंडळ, आणि शेवटी गोव्यातल्या कळंगुटच्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला असलेला माझा मावसभाऊ. मावसभावाने खाली विचारलं होतं, “दादा, हे खरं काय?” पहिल्या तिघांना मी उत्तर दिलं नव्हतं. त्याला द्यावं लागलं, कारण तो पैसे भरायच्या बेतात होता.

मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: ‘नोकरदारांनो सावधान! दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी सरकारी नोकरीत चालत नाही. वीस-पंचवीस हजारांत मिळते ती मास्टर्स म्हणजे रद्दी. किमान दीड लाख फी असलेल्या विद्यापीठाचीच ऑनलाइन मास्टर्स घ्या, प्लेसमेंट मिळते. नोकरी सांभाळून एका वर्षात पूर्ण. हॉटेल मॅनेजमेंट, सायकॉलॉजी, एमबीए, सर्व विषय उपलब्ध. सर्टिफिकेटवर ऑनलाइन असा उल्लेख नाही.’ आणि खाली मोबाइल नंबर. पहिल्या वाक्यात ऑनलाइन चालत नाही, तिसऱ्यात ऑनलाइन घ्या. भजनी मंडळातल्या एकालाही यात काही खटकलं नाही, याचं मला जास्त आश्चर्य वाटलं.

‘सरकारी नोकरीत चालत नाही.’ यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाची नियमावली सप्टेंबर 2020 मध्ये आली. तिच्या बाविसाव्या नियमात स्पष्ट म्हटलंय की मान्यताप्राप्त संस्थेतून या पद्धतीने घेतलेली पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरायची. लोकांचा संभ्रम जाईना म्हणून 2022 च्या सप्टेंबरात यूजीसीने हेच पुन्हा जाहीर केलं. त्या मास्टर्सवर नेटला, म्हणजे कॉलेजात शिकवण्यासाठीच्या पात्रता परीक्षेला, बसता येतं, पीएचडीच्या प्रवेशासाठी अर्जही करता येतो. पीएचडी मात्र स्वतः ऑनलाइन किंवा दूरस्थ होत नाही. कोणी देतो म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

या अफवेला मूळ नाही असं मात्र नाही. नोव्हेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांनी दूरस्थ पद्धतीने दिलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्यांना दणका दिला. त्या पदव्यांवर बढत्या घेतलेल्या लोकांची झोप उडाली. पण तिथे गोम अशी की त्या विद्यापीठांनी तो अभ्यासक्रम त्या पद्धतीने चालवायला रीतसर परवानगीच घेतली नव्हती. पदवी बुडाली ती परवानगीवाचून. फी कमी की जास्त, याचा त्यात काही संबंध नव्हता.

म्हणून विचारायचा प्रश्न एकच: हा अभ्यासक्रम, या पद्धतीने, या सत्रासाठी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या, यादीत आहे का? तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या. विद्यापीठाचं नाव यादीत दिसलं की लोक मोबाइल बंद करतात. त्याच विद्यापीठाची एम.कॉम. यादीत असेल आणि तुम्हाला विकली जाणारी एम.एस्सी. नसेल, असं होऊ शकतं. 2024 पासून प्रवेश घेणाऱ्याने स्वतःचा डीईबी आयडी काढणं सक्तीचं आहे. त्यासाठी आधी एबीसी आयडी, म्हणजे आपल्या शैक्षणिक क्रेडिटच्या खात्याचा नंबर, लागतो, तो डिजिलॉकरमधून निघतो. “आयडीबियडी आम्ही बघतो, तुम्ही फक्त ओटीपी सांगा” म्हणणाऱ्याला ओटीपी सांगू नका.

‘स्वस्त म्हणजे रद्दी.’ इथे थोडं बसून बोलू या, कारण मावसभाऊ अडला होता तो इथेच. आपल्याकडे बाजारातला नियम असा की स्वस्तातला बांगडा घेतला तर घरी येऊन कल्ले उघडून बघावे लागतात. तो नियम आपण विद्यापीठालाही लावतो. पण इग्नूची, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची, फी कमी आहे ती केंद्र सरकारच्या कायद्याने 1985 साली उभ्या राहिलेल्या विद्यापीठाची फी म्हणून. लाखो विद्यार्थी, एकदा लिहून घेतलेली पुस्तकं, भाड्याच्या इमारतींऐवजी इतर कॉलेजांत रविवारी चालणारी अभ्यास केंद्रं. खर्च वाटला जातो. जाहिरातीवर आणि फोन करणाऱ्या मुलांच्या कमिशनवर पैसा जात नाही. बहुतेक एम.ए.ची दोन्ही वर्षांची मिळून फी साधारण वीस हजारांच्या आतबाहेर असते. दीड-पावणेदोन लाखांतला किती भाग शिकवण्यावर जातो, हे त्या मोबाइल नंबरवर फोन करून विचारा. मी विचारलं होतं. “सर, ब्रँड व्हॅल्यू असते” असं उत्तर आलं.

बाहेरच्या देशातलं उदाहरण हवं तर अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकचं घ्या. 2014 पासून ते कॉम्प्युटर सायन्सची ऑनलाइन मास्टर्स सुमारे सात हजार डॉलरमध्ये देतात. आपल्याला ते सहा लाख वाटतात, पण तिथल्या कॅम्पसवरच्या पदवीपुढे ती किरकोळ रक्कम आहे. आणि त्या अभ्यासक्रमाला हलका म्हणण्याची कुणाची टाप नाही. नोकरी करून तो करणाऱ्यांचा घाम निघतो.

स्वस्तात जे मिळत नाही तेही सांगतो. पाठीशी लागणारं कोणी मिळत नाही. मी मुक्त विद्यापीठातून एम.कॉम. केली तेव्हा डिचोलीहून वेर्ण्याला कामाला जायचो, पणजीला बस बदलून. जाताना झोप, येताना उभा प्रवास. असाइनमेंट रात्री जेवणानंतर फुलस्केप कागदावर हाताने लिहायची. चवथीच्या सुट्टीत माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची आरास) बांधून झाल्यावर मी ओसरीवर कॉस्टिंगची गणितं सोडवत बसलो होतो, आणि आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती की ह्याला आता या वयात परीक्षा आहे. दोन वर्षांची पदवी मला तीन वर्षं लागली. इग्नूसारख्या ठिकाणी दोन वर्षांच्या मास्टर्सला चार वर्षांपर्यंत मुदत असते, म्हणून हे चालतं.

‘एका वर्षात पूर्ण.’ ज्याची पदवी चार वर्षांची ऑनर्स आहे त्याला नव्या शैक्षणिक धोरणानुसार एका वर्षाची मास्टर्स करता येते. आपल्या वयाच्या लोकांच्या पदव्या तीन वर्षांच्या. आपल्याला दोन वर्षं. पुढे बोलण्यासारखं काही नाही.

‘सर्व विषय उपलब्ध.’ मावसभाऊ नेमका यालाच भुलला होता, कारण त्याला हॉटेल मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स हवी होती. 2020 च्या नियमावलीत जे विषय दूरस्थ आणि ऑनलाइन द्यायलाच मनाई आहे त्यांत इंजिनिअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा यांच्या रांगेत हॉटेल मॅनेजमेंटही बसलेलं आहे. गोव्यात बरीच तरुण मंडळी याच धंद्यात, त्यामुळे हा सापळा इथे जास्त चालतो. सायकॉलॉजीचंही तसंच: 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून आरोग्याशी जोडलेल्या इतर काही विषयांसकट ती या पद्धतीने बंद झाली. मावसभावाला मी दोन वाटा सांगितल्या. इग्नूची पर्यटन व्यवस्थापनातली मास्टर्स आहे, ती घे. नाहीतर एमबीए कर आणि हॉटेलातला अनुभव बायोडेटात बोलू दे.

त्याला दुसरीही एक गोष्ट सांगितली, जी कुठल्याच मेसेजमध्ये नसते. इग्नूच्या सत्रांत परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये होतात. डिसेंबरात कळंगुटच्या हॉटेलात रजा मागणं म्हणजे मॅनेजरला सरळ राजीनामा दाखवण्यासारखं. जूनमध्ये मात्र पाऊस लागतो, शॅक उतरलेले असतात, खोल्या रिकाम्या, आणि मॅनेजरच विचारतो की कोणाला सुट्टी घ्यायची आहे काय. वार्षिक पद्धतीच्या अभ्यासक्रमाला जुलैत प्रवेश घेतला तर पहिली परीक्षा पुढच्या जूनमध्ये येते. जानेवारीत घेतला तर डिसेंबरात. म्हणून त्याने जुलैत घ्यावा. एमबीएसारख्या सेमिस्टरच्या अभ्यासक्रमाला दोन्ही महिने चुकत नाहीत, तेव्हा तिथे आधी मॅनेजरशी बोलून मग फी भरायची.

‘सर्टिफिकेटवर ऑनलाइन असा उल्लेख नाही.’ असतो. पदवी आणि गुणपत्रिकेवर शिक्षणाची पद्धत छापायची असा नियमच आहे. पदवी बरोबरीची आहे म्हटल्यावर लपवायचं तरी काय? जो लपवून देतो म्हणतो, तो काहीतरी वेगळंच विकतो आहे.

‘दीड लाखात प्लेसमेंट.’ नोकरी करणारा माणूस मास्टर्स बहुधा दोन कारणांनी करतो: आहे त्या ठिकाणी बढती, किंवा शिकवायला जायचं. बढतीसाठी आधी एचआरकडून लेखी विचारून घ्या की कुठली पदवी धरतात. आमच्याकडे एकाने एमबीए केली आणि मग कळलं की त्याच्या पदाला ती लागतच नव्हती. शिकवायला जायचं असेल तर नेटसाठी खुल्या प्रवर्गाला मास्टर्समध्ये 55 टक्के लागतात. मुक्त विद्यापीठात पास व्हायला त्याहून बरेच कमी पुरतात, आणि लोक तेवढ्यावर समाधान मानतात. पहिल्या असाइनमेंटपासून 55 डोक्यात ठेवा. असाइनमेंटला सहसा तीस टक्के वजन असतं, ते सगळ्यात सोपे गुण आहेत आणि सगळ्यात जास्त तेच सोडले जातात.

आणि त्या दीड-पावणेदोन लाखांच्या हप्त्यांबद्दल. ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणतात ते बहुतेकदा तुमच्या नावावरचं कर्ज असतं. पावणेदोन लाख चोवीस महिन्यांत वाटले तर महिन्याला सुमारे सात हजार तीनशे. सहा महिन्यांनी अभ्यास सोडलात तरी हप्ता सुटत नाही. एडटेक, म्हणजे ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या, कंपन्यांच्या अशा कर्जाबद्दल आणि खात्यातून आपोआप वळत्या होणाऱ्या पैशांबद्दल केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर 2021 मध्येच सावध केलं होतं. पुढच्या महिन्यात यूजीसीनेही बजावलं की दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांना फ्रँचायझी चालत नाही. परदेशी विद्यापीठाच्या नावाने एडटेक कंपनीमार्फत ऑनलाइन पदवी देणाऱ्यांबद्दलचा इशारा 2023 च्या डिसेंबरातला.

हे मला इतकं पाठ आहे कारण मी स्वतः एकदा फसलो आहे. एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर, ‘ॲडमिशन गायडन्स’ची पाटी, आत एसी, टेबलावर चार विद्यापीठांची माहितीपत्रकं. सीट बुक करायला पाच हजार द्या म्हणाले. मुक्त विद्यापीठाला सीट कसली, हे त्या दिवशी मला सुचलं नाही. पावती मिळाली, पैसे परत मिळाले नाहीत, आणि दिवाळीनंतर गेलो तर तिथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं.

मावसभावाने दीड लाखवाल्याला नाही म्हटलं. पर्यटन की एमबीए, हे अजून ठरत नाही. एबीसी आयडी काढला, पण आधारवर आडनाव एक आणि पदवीच्या गुणपत्रिकेवर स्पेलिंग दुसरंच आहे. ते दुरुस्त झाल्याशिवाय पुढचं काही भरू नको म्हणून सांगितलंय.