रुपया वाजवण्याचे पैसे

परवा परभणीत एका नव्या घराच्या हॉलमध्ये मी गुडघ्यांवर रांगत रुपयाच्या नाण्यानं फरशी वाजवत होतो. पोटापाण्याचा धंदाच तो. टाइल बसवून झाल्या की मालक तपासायला बोलावतो. लग्न लागल्यावर पत्रिका बघावी तसं.

दारात शेजारचे आबा येऊन उभे राहिले.

"काय हारवलं हो?"

"काही नाही आबा, आवाज ऐकतोय."

"कुणाचा?"

"टाइलचा."

"मंग, काय म्हणायलीय?"

चार कोपरे आणि मध्य, दर टाइलला पाच ठोके. भरीव असली तर टण्ण, खाली पोकळी असली तर भद्द. आबांना दोन्ही ऐकवले. त्यांनी भजनाला बसल्यासारखी मान डोलावली.

"ह्याचे किती घेता?"

आकडा ऐकून आबा उंबऱ्यावरच टेकले. "रुपाया वाजवायचे?"

४८ टाइलांना २४० ठोके दिले, गुडघे सोलले, त्याचं हे मोल! नऊ टाइल भद्द निघाल्या, नऊही कोपऱ्यातच. मिस्त्रीनं मालाचा गोळा मधोमध ठेवून टाइल दाबली होती. वर शहाबादीची सवय, नुसती सिमेंटची स्लरी. शहाबादीची पाठ खरखरीत, ती धरते. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्काही पाणी पीत नाही. तिच्या पाठीला अ‍ॅडेसिव्ह लागतं, दातेरी थापीनं, पार कोपऱ्यापर्यंत. उद्या कपाटाचा पाय नेमका तिथं आला की तडा. सांधाही सोडलेला नाही, कारण मालकीणबाईंना मध्ये रेघ नको होती! दोन टाइलांमध्ये फट राखणारा दोन मिलिमीटरचा स्पेसर टाकला असता तर काय बिघडत होतं? आपल्याकडच्या मे महिन्यात टाइल फुगते. जागा नसली की दोघी डोक्याला डोकं लावून वर उठतात.

दोन मीटरची पट्टी टाकली तर खिडकीपाशी सहा मिलिमीटर खड्डा. पायाच्या खोदाईतून निघालेली काळी मातीच जोत्यात ढकलली असावी, असा माझा वहीम. ती पावसाळ्यात फुगणार, उन्हाळ्यात भेगाळणार. मुरूम अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या थरांनी, पाणी मारून, धुमसानं ठोकून भरायचा असतो. बोलवायचं तेव्हा! तेव्हा कुणाला माझा नंबर सापडत नाही.

मग आबांनी स्वतःची तपासणी केली. चपला काढल्या, खिडकीपर्यंत गेले, परत आले.

"गार लागायलीय. झकास."

मालकाचा चेहरा उजळला. मी हट्टानं बाथरूममध्ये दोन तांबे पाणी ओतलं. मीटरला निदान एक सेंटीमीटर उतार हवा. पाणी जाळीकडं पाठ फिरवून दाराशी आलं.

"वायपर कामून असतो मंग?" आबा म्हणाले.

मालकानं ठरल्यातले निम्मे दिले. उरलेले अजून यायचेत. जिन्यात आबांनी खिशातून एक नाणं काढलं. "ठिवा. तुमचं झिजलं असंल."

ठेवलं. दोनाचं आहे, खोटं कशाला बोला, आवाज जास्त स्वच्छ येतो.