कोटेशनवर मॉडेल नंबर लिहायला तुमचं काय जातं?

चार शनिवार झाले. चार शनिवार मी आणि माझा धाकटा भाऊ वनाजला मेट्रोत बसतोय, सिव्हिल कोर्टला गाडी बदलतोय, मंडईला उतरतोय आणि तपकीर गल्ली नि आजूबाजूच्या पेठांतली कॉम्प्युटरची दुकानं पालथी घालतोय. भावाला सुटे भाग जुळवून गेमिंगचा कॉम्प्युटर घ्यायचाय. हाती काय लागलं? सात कोटेशनं. आणि त्या सातांपैकी एकावरही आपण नक्की काय विकत घेतोय हे लिहिलेलं नाही!

हे बघा, समोरच्या कागदावरून जसंच्या तसं उतरवते. ‘प्रोसेसर रायझन ५. मदरबोर्ड बी सीरीज. रॅम १६ जीबी. एसएसडी ५०० जीबी. ग्राफिक्स कार्ड ८ जीबी. कॅबिनेट विथ एसएमपीएस. एकूण ७८,५००.’ खाली शिक्का, आणि त्याखाली ‘रेट फक्त आजच्यापुरता’.

७८,५०० रुपये! एवढ्या पैशांचं सोनं घेतलं तर सोनार हॉलमार्क दाखवतो, मिलिग्रॅमपर्यंत वजन लिहून देतो. लक्ष्मी रोडला हजार रुपयांची साडी घ्यायला गेलं तर पदर उलगडून, काठ उलटा करून दाखवतात. आणि इथे ‘रायझन ५’? ते काय एका वस्तूचं नाव आहे? अख्ख्या घराण्याचं आहे! उद्या गाडीच्या बिलावर नुसतं ‘चारचाकी, पांढरी’ लिहून दिलं तर कोणी पैसे मोजेल का?

पैसे कुठून आलेत तेही सांगते, म्हणजे माझा जीव का तुटतोय ते कळेल. भाऊ इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दीड वर्ष आठवी-नववीच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन त्याने ३५ हजार साठवले. उरलेले ५० माझ्या दिवाळीच्या बोनसचे. मॉनिटर घरातला जुनाच वापरायचा, बाकी सगळं ८५ हजारांत बसवायचं. पोराने एक अख्खी वही भरली आहे. कुठला प्रोसेसर कुठल्या बोर्डावर बसतो, कुठलं कार्ड किती वीज खातं, सगळं रकाने आखून लिहिलंय. इतका अभ्यास करून तो काउंटरपाशी उभा राहतो आणि समोरचा माणूस वहीकडे न बघता म्हणतो, ‘‘इतना मत सोचो, सेम ही है.’’

नाही, सेम नाही!

त्या ‘रायझन ५’चंच घ्या. चारदा खोदून विचारल्यावर कळलं की तो ५५०० आहे. आम्ही मागितला होता ५६००. ‘‘मॅडम, सौ का ही तो फरक है.’’ नावात शंभराचा फरक आहे हो, पण आत? दोन्ही एप्रिल २०२२ मध्ये आले, दोन्हींना सहा कोअर. पण ५५०० ला कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातली झटपट मेमरी, १६ एमबी, ५६०० ला ३२ एमबी. खेळांमध्ये ही कॅश किती कामाला येते हे या विषयात थोडं डोकं घातलेल्या कोणालाही विचारा. त्याहून वाईट म्हणजे ५५०० ची पीसीआयई, म्हणजे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यातला डेटाचा रस्ता, तिसऱ्या पिढीची, ५६०० ची चौथ्या. हे फक्त कागदावरचं नाही, आणि का नाही ते पुढे कार्डापाशी सांगते, कारण खरी फसवणूक तिथे जोडीने होते.

कोटेशनवरचं ‘ग्राफिक्स कार्ड ८ जीबी’ म्हणजे निघालं एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय. एप्रिल २०२५ मध्ये हे कार्ड आलं ते एकाच नावाने दोन प्रकारांत, ८ जीबी आणि १६ जीबी. जूनमध्ये समोरच्या कंपनीचं, एएमडीचं, आरएक्स ९०६० एक्सटी आलं, तेही तसंच, एक नाव, दोन कार्डं. त्यातल्या त्यात इथे निदान मेमरीचा आकडा तरी खोक्यावर असतो आणि चिप तीच असते. आरटीएक्स ३०५० मध्ये तेवढीही लाज राखली नाही. आधी आलेल्या ८ जीबीवाल्यात २,५६० कोअर आणि १२८ बिटांची बस, म्हणजे कार्डाच्या मेमरीचा रस्ता. नंतर २०२४ मध्ये आलेल्या ६ जीबीवाल्यात २,३०४ कोअर आणि ९६ बिटांची बस. वेगळी वस्तू आहे ही! तिला वेगळं नाव द्यायला काय धाड भरली होती? गिऱ्हाईक जुन्या ३०५० चे आकडे बघून दुकानात येणार आणि नवी ३०५० घेऊन घरी जाणार. असं होणार हे नाव ठेवणाऱ्याला आधीच माहीत असणार. म्हणून राग येतो.

आता जोडी बघा. ८ जीबीवाल्या कार्डाची मेमरी नव्या खेळांत सेटिंग जरा वाढवलं की भरते. भरली की उरलेला डेटा कॉम्प्युटरच्या रॅममधून ओढावा लागतो, आणि तो येतो पीसीआयईच्या रस्त्याने. ५०६० टीआयला तो रस्ताच सोळाच्या जागी आठ लेनचा. त्यात ५५०० बसवला की रस्ता तिसऱ्या पिढीचा, म्हणजे चांगल्या बोर्डावरच्या ५६०० च्या निम्म्या वेगाचा. मग खेळ अडखळतो, चित्रं अर्धवट उमटतात, आणि पोरगं रात्रभर ड्रायव्हर काढून घालत बसतं, कारण त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. त्याचं काही चुकलेलं नसतं. कमी मेमरीचं कार्ड आणि अरुंद रस्त्याचा प्रोसेसर एकाच कोटेशनमध्ये बांधून देणाऱ्याचं चुकलेलं असतं. आणि वर दोन्ही ओळींत मॉडेलचं नाव नाही, म्हणजे घरी जाऊन तपासायचीही सोय नाही.

१६ जीबीवालं मागितलं तर ‘‘नऊ हजार जादा.’’ अमेरिकेत या दोन कार्डांच्या जाहीर किमती ३७९ आणि ४२९ डॉलर होत्या. फरक ५० डॉलरचा. रुपयांत साडेचार हजार धरा, त्यावर १८ टक्के जीएसटी लावा, तरी साडेपाच हजारांच्या आत. वरचे साडेतीन हजार कशाचे, हे विचारलं तर उत्तर नाही.

पण या सगळ्यापेक्षा माझं डोकं फिरतं ते ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’ या तीन शब्दांनी. एसएमपीएस म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. माझा मामेभाऊ चिंचवडला राहतो. त्याने मागच्या वर्षी असंच कोटेशन डोळे झाकून घेतलं. कार्ड चांगलं होतं, आरटीएक्स ३०६०. एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट. मे महिन्यात एका संध्याकाळी खेळता खेळता खोलीत जळका वास आला आणि सगळं बंद. एसएमपीएस गेला, जाताना मदरबोर्ड आणि एसएसडी घेऊन गेला. कॉलेजचा प्रोजेक्ट त्याच एसएसडीवर होता.

नंतर मी तो जळका डबा हातात घेऊन त्याचं स्टिकर वाचलं. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही वीज खातात ती १२ व्होल्टच्या लाइनवरून. त्या रकान्यात लिहिलं होतं १८ अँपिअर. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट. ४५० नाही, २१६! एकट्या ३०६० ला लागतात १७०, प्रोसेसर ६५ चा. बेरीज २३५. म्हणजे तो डबा दुकानातून निघाला त्या दिवशीच कमी पडत होता, आणि हे त्याच्या स्वतःच्या स्टिकरवर लिहिलेलं होतं. जुळणी करणाऱ्या माणसाने ते एकदा वाचायला काय हरकत होती? त्याचं रोजचं काम आहे ते!

वॉरंटीचं काय झालं? ‘‘बर्न केस आहे, कंपनी घेणार नाही.’’ मदरबोर्ड गेला, एसएसडी गेली, सगळं ‘बर्न’. एसएमपीएस मात्र बदलून दिला. तसाच, त्याच स्टिकरचा दुसरा. मामी तो डबा घरात ठेवायला तयार नव्हती आणि तिचं बरोबर होतं.

म्हणून या वेळी मी प्रत्येक दुकानात पहिला प्रश्न एसएमपीएसचा विचारला. कोणता? १२ व्होल्टवर किती अँपिअर? सर्टिफिकेट आहे का? आणि इथे एक गोष्ट मला बोलायचीच आहे. प्रश्न मी विचारते आणि उत्तर माझ्या भावाला मिळतं. प्रत्येक वेळी! मी समोर उभी, पैसे माझ्या पर्समध्ये, आणि काउंटरवरचा माणूस त्याच्याकडे बघून म्हणतो, ‘‘भाऊ, तुम्हाला गेमिंगला हा चालून जाईल.’’ चालून जाईल? भाऊ बिचारा म्हणतो, ‘‘ताईला सांगा, तिलाच जास्त कळतं.’’ तरी मान वळत नाही. एका दुकानात तर ‘‘मॅडम, तुम्ही बसा ना, थंड घेणार का?’’ मी थंड प्यायला आलेले नाही. अँपिअर सांगा.

रॅमबद्दल दुकानदारांना मी बोल लावत नाही, निदान सगळा तरी नाही. ऑगस्टमध्ये आम्ही पहिल्यांदा विचारलं तेव्हा १६ जीबी डीडीआर५ ची, म्हणजे नव्या पिढीच्या रॅमची, स्टिक साडेचार हजारांना होती. तेव्हा बेत होता रायझन ७६०० चा, एएम५ या नव्या सॉकेटच्या (प्रोसेसर बसतो त्या खाचेच्या) बोर्डाचा. पुढे प्रोसेसर बदलता आला असता. बोनस यायला दिवाळी उजाडली आणि डिसेंबरात तीच स्टिक १४ हजार! जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात, आणि तिघींचा माल आता एआयच्या डेटा सेंटरांकडे चाललाय. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये सरळ जाहीर केलं की घरगुती गिऱ्हाइकांसाठीचा क्रूशियल हा ब्रँडच बंद करणार. म्हणजे कोणाच्या तरी चॅटबॉटसाठी माझ्या भावाने २०१६ च्या एएम४ सॉकेटवर मागे यायचं, कारण त्यावर जुनी डीडीआर४ चालते. आणि तीही आता स्वस्त राहिलेली नाही. दीड वर्षाच्या शिकवण्यांच्या पैशाची किंमत चार महिन्यांत अशी उतरली. याचा जाब विचारायचा तरी कोणाला?

पण या टंचाईचा फायदा कसा उपटायचा हे मात्र गल्लीला बरोबर कळलंय. ‘‘रॅम सिंगल नाही मिळणार, पूर्ण पीसी घ्यायचा तर देतो.’’ आणि पूर्ण पीसी म्हणजे काय? परत तेच कोटेशन, तीच १६ जीबीची एकच स्टिक. ८-८ च्या दोन लावल्या तर दोन्ही चॅनल चालतात, एक लावली तर मेमरीचा अर्धा वेग तिथेच जातो. हेही ‘सेम ही है’मध्येच येतं वाटतं. वर ‘‘बिल हवं असेल तर १८ टक्के वेगळे.’’ बिल हवं असेल तर? वॉरंटीला सीरियल नंबरचं बिल लागतं, हे तुम्हीच सांगता ना?

आणि ते दिवे! अँपिअर विचारले की गप्प, पण पंख्यांतले दिवे रिमोटने बदलून दाखवायला तीन माणसं धावतात. त्या दिव्यांच्या कॅबिनेटला पुढून सबंध काच, हवा आत जायला बोटभर फट. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आमची खोली वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली. १८० वॅटचं कार्ड त्या काचेमागे कोंडलं तर हवा कुठून घेणार? समोर साधी जाळी असलेलं कॅबिनेट मागितलं तर ‘‘ते आता कोणी घेत नाही.’’ मी घेतेय ना! पैसे देऊन मागतेय!

परवाच्या शनिवारी सातव्या दुकानात मी शांतपणे म्हटलं, सगळ्या वस्तूंचे पूर्ण मॉडेल नंबर कोटेशनवर लिहून द्या, मी आत्ता अर्धे पैसे भरते. मालकाने पेन खाली ठेवलं. ‘‘एवढं लिहून दिलं की तुम्ही ऑनलाइन रेट बघणार. मग आम्ही कशाला बसलोय?’’ निदान हा माणूस खरं बोलला. नाव लपवायचं ते यासाठी. मी भाव तपासू नये म्हणून मी काय विकत घेतेय तेच मला कळू द्यायचं नाही. अहो, चार पैसे जास्त देईन मी! जवळचं दुकान आहे, उद्या काही बिघडलं तर घेऊन येता येईल, यासाठीच तर ऑनलाइन सोडून चार शनिवार इथे पायपीट करतेय. पण ५६०० चे पैसे घेऊन ५५०० बसवणार असाल, तर त्या जवळच्या दुकानाचा मला उपयोग काय?

येत्या शनिवारी आम्ही आमचाच कागद नेतोय. भावाने काल रात्री बसून टाइप केला. आठ वस्तू, आठ पूर्ण मॉडेल नंबर. एसएमपीएसच्या ओळीत १२ व्होल्टचे अँपिअरसुद्धा. समोर किमतीचा रकाना कोरा, खाली सहीला जागा. किंमत तुम्ही भरा, तुमचा नफा धरून भरा, मी घासाघीस करणार नाही. फक्त त्या कागदावर सही करा आणि पैसे तिथेच मोजून घ्या.