शेवाळाचं खापर एलईडीवर कशाला?

ऊन तापायला लागलं की तो मेसेज पुन्हा फिरतो. नांदेडहून लातूर, लातूरहून संभाजीनगर, आणि प्रत्येक हाताला त्यात एखादं वाक्य वाढतं. सार एवढंच: घरात प्रवाळ पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत एलईडी लावली की शेवाळ येणारच. मेटल हॅलाइडचे तापणारे दिवे आणि टी-५ च्या बारीक ट्यूब होत्या तेव्हा असलं काही नव्हतं. एलईडी लावायचीच असेल तर नुसती निळी ठेवा, निळ्यात शेवाळ वाढत नाही. आणि आलंच, तर तीन दिवस टाकी झाकून ठेवा, मुळासकट जातं.

"एलईडी बसवली आणि महिन्याभरात शेवाळ आलं."

आलं असेल. यात तथ्य आहे, ते आधी मान्य करून टाकतो. टी-५ ट्यूब नऊ-बारा महिन्यांत थकते. डोळ्याला कळत नाही, पण उजेड उतरलेला असतो. तिच्या जागी नवी एलईडी आणून थेट १०० टक्क्यांवर सोडली, तर टाकीवर एकदम पडणारा उजेड शेवाळाच्या पथ्यावर पडतो आणि प्रवाळ मात्र पांढरं पडतं. सुरुवात ३०-४० टक्क्यांनी करायची, दर आठवड्याला थोडं चढवायचं, दिवा आठ-नऊ तासांच्या वर ठेवायचा नाही. पण ही चूक दिवा लावणाऱ्याची. ४०० वॅटचा नवा हॅलाइड लावला असता तरी हेच झालं असतं.

आता आपल्याकडचा योगायोग बघा. हॅलाइड काढून एलईडी लावायचं आपल्याला कधी सुचतं? मार्च-एप्रिलमध्ये. पारा चाळिशीकडे निघतो, हॅलाइडनं तापलेलं पाणी गार करणाऱ्या चिलरचं मागच्या वर्षीचं बिल आठवतं. त्याच दिवसांत टाकीवर पंखे लागतात, मराठवाड्याची कोरडी हवा पाणी ओढून घेते आणि रोज संध्याकाळी घरात असेल ते पाणी टाकीत ओतलं जातं. मे महिन्यात काच हिरवी. दिवा नवा असतो, बादली रोजचीच असते. आळ दिव्यावर येतो.

त्या बादलीतून शेवाळाचं खत, म्हणजे नायट्रेट, किती येतं याचा हिशोब कुणी मांडत नाही. समजा टाकी २०० लिटरची आहे आणि रोज ४ लिटर पाणी उडतं. उडतं ते निव्वळ पाणी, त्यात विरघळलेलं सगळं मागे राहतं. म्हणजे ५० दिवसांत तुम्ही आख्खी टाकीभर पाणी वरून ओतलं. तुमच्या बोअरला लिटरमागे ४० मिलिग्रॅम नायट्रेट असेल (पिण्याच्या पाण्याची आपली मर्यादा ४५ आहे, म्हणजे हे पाणी नियमात बसतं), तर माशांच्या खाण्या-विष्ठेचं सोडूनच द्या, नुसत्या भरण्यानं टाकीचं नायट्रेट ४० नं चढलं. प्रवाळवाले ५-१० च्या आसपास ठेवायची धडपड करतात. युरिया पडणाऱ्या रानाशेजारच्या बोअरला ४० हा आकडा काही नवलाचा नाही.

नायट्रेट निदान टेस्ट किटमध्ये रंग दाखवतं. सिलिका त्याहून बेरकी. आपलं बहुतेक भूजल काळ्या बेसॉल्टमधून येतं आणि हा खडक झिजताना पाण्यात सिलिका सोडतो. काचेवर जी तपकिरी भुकटी बसते, बोट फिरवलं की स्वच्छ रेघ उमटते आणि एक-दोन दिवसांत बुजते, ती डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालाची. डायटम आपलं कवच सिलिकाचंच बनवतात. टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि विरघळलेल्या सिलिकावर विद्युतभार जवळजवळ नसतो, त्यामुळे ती मीटरला दिसतच नाही. आरओच्या पुढे लावलेलं डीआय रेझिन (उरलेले क्षार धरून ठेवणारे मणी) संपत आलं की सर्वांत आधी निसटणाऱ्यांत सिलिका असते. तेव्हा "मीटर शून्य दाखवतो" हा बचाव इथे चालत नाही.

स्वयंपाकघरातला आरओही जपून. बऱ्याच यंत्रांत चवीसाठी टीडीएस वाढवायचा व्हॉल्व्ह असतो, तो कच्चं पाणी परत मिसळतो. लग्नकार्यात येतात ते जार तर कित्येकदा नुसते थंड केलेले असतात. नीट आरओ-डीआय लावला तर लिटरभर पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर पडतं. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथे ते गटारात सोडणं मला पटत नाही. फरशीला, संडासाला वापरा. तेवढी तोशीस नको असेल तर सरळ गोड्या पाण्यातले मासे पाळा.

"निळ्यात शेवाळ वाढत नाही."

क्लोरोफिल-ए दोन ठिकाणी उजेड शोषतं, ४३० नॅनोमीटरजवळ निळा-जांभळा आणि ६६० जवळ लाल. प्रवाळाच्या अंगात राहून त्याला पोसणारी सूक्ष्म शैवालंही याच क्लोरोफिलवर जगतात. ज्या निळ्यावर त्यांचं पोट भरतं, त्यावर काचेवरचं शेवाळ उपाशी कसं मरेल? खरी गंमत अशी, की निळ्या उजेडात हिरवं काळपट दिसतं आणि दगडात मिसळून जातं. शेवाळ तिथेच असतं, आपल्याला दिसत नाही. पिवळा-नारिंगी चष्मा लावून बघा, तेच शेवाळ लालसर चमकताना दिसेल.

"पूर्वीच्या दिव्यांत असं नव्हतं."

होतं, लोक विसरलेत. आणि उजेडच गुन्हेगार असता, तर भर दुपारचं ऊन झेलणारं उष्ण कटिबंधातलं उथळ समुद्रातलं प्रत्येक प्रवाळ शेवाळाखाली गाडलं गेलं असतं. कॅरिबियनमध्ये तसं झालंही, पण ऊन वाढून नव्हे. १९८३-८४ मध्ये रोगानं तिथले ९० टक्क्यांहून जास्त डायडेमा सी-अर्चिन (शेवाळ खाणारे काटेरी समुद्री जीव) मेले, चरणारं कुणी उरलं नाही आणि जमैकाचे प्रवाळ शेवाळानं भरले. सूर्य तोच होता. आपल्या टाकीत शेवाळ चरणाऱ्या शंख-गोगलगायी किती आणि माशांना घातलेले मायसिसचे (बारीक कोळंबीसारख्या जीवाचे) गोठवलेले तुकडे किती, हे आधी मोजा.

"तीन दिवस अंधार करा, मुळासकट जातं."

शेवाळाला मूळ नसतं, ते एक असो. अंधारात ते मरतं, पण त्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस, म्हणजे त्याचं खत, कुठे जातो? पाण्यातच. दिवा लागला की आठवड्या-दोन आठवड्यांत नवं पीक तयार. टेस्ट किटवर फॉस्फेट शून्य दिसतं म्हणूनही निश्चिंत राहू नका, शेवाळानं ते आधीच खाऊन टाकलेलं असू शकतं. झाकायचंच असेल तर आधी हातानं उपटा, सायफननं ओढून टाकीबाहेर काढा आणि मग झाका. मेलेलं शेवाळ सडताना प्राणवायू खातं, म्हणून ते तीन दिवस वेव्हमेकर (पाणी खेळतं ठेवणारा पंप) आणि एअर पंप इन्व्हर्टरवर ठेवा. आपल्याकडे लाईट नेमकी रात्रीच जाते.